दिवाळीला कुत्रंही येणार आहे

दसरा उलटला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. पेरणीची, कांद्याच्या रोपांची, थंडीत खोकणाऱ्या नातवांची पत्रं असतातच, पण त्यांत हल्ली एक नवाच पाहुणा डोकावू लागला आहे. बारामतीकडच्या एका भगिनीनं लिहिलंय, ‘मुलगा आणि सून पुण्याहून मोटारीनं दिवाळीला येताहेत. बरोबर त्यांचं मोठं कुत्रं आहे. पुण्यात ठेवायला कोणी नाही म्हणतात. आमच्या दारात मोती आहे, गोठ्यात म्हैस व्यायला झालेली. घरचे म्हणतात, कुत्र्याला कशाला एवढ्या लांब आणायचं? तुम्ही सांगा, आणू देऊ का?’

ताई, आणू द्या. आज तेवढंच लिहून थांबलो असतो. पण माझ्या हातून एकदा जे झालं, ते सांगितल्याशिवाय मला हे उत्तर देता येत नाही.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मोतीबिंदूसाठी डोळे दाखवायला मी थोरल्याकडे हडपसरला जाऊन राहिलो होतो. दहा-बारा दिवस झाले. दिवाळी तोंडावर आली, तेव्हा सगळ्यांनी मिळूनच मोटारीनं गावी निघायचं ठरलं. सगळे म्हणजे थोरला, सूनबाई, नात, मी आणि ब्रूनो. हा ब्रूनो म्हणजे लॅब्रॅडोर जातीचा, वासरासारखा दांडगा, काळा कुळकुळीत कुत्रा. आमच्या घरच्यांच्या जिभेला ते नाव वळत नाही, त्या त्याला बुरन्या म्हणतात आणि तोही त्या नावाला शेपूट हलवतो.

थोरल्याचा विचार होता की त्याला पैसे भरून कुत्री सांभाळणाऱ्यांकडे आठवडाभर ठेवावं. नातीनं जेवण सोडलं. मग मीच म्हटलं, ‘आण रे, गावात काय कुत्री कमी आहेत का? एकानं काय होतंय!’ गावातला जुना माणूस म्हणून माझ्या शब्दाला मान मिळाला, आणि माझी पहिली चूक तिथंच झाली. कुत्रं आणायचं ठरवलं ही चूक नव्हे. जनावरांतलं सगळं मला कळतं असं मी गृहीत धरलं, ही चूक.

निघायच्या सकाळी लांबचा प्रवास म्हणून मी त्याला पोटभर दूध-भाकरी घातली. बैल जुंपायच्या आधी वैरण टाकतो ना, तसं. हडपसर सोडलं, वडकी मागं पडली, दिवे घाटाची वळणं सुरू झाली. खाली मस्तानी तलाव दिसतो तिथं नातीला तलाव दाखवत होतो, तेवढ्यात बुरन्यानं सगळं दूध-भाकर माझ्या धोतरावर ओतलं. सूनबाई काही बोलली नाही. गाडी थांबवून पाणी घेतलं, पुसलं. पुढं गुरांच्या डॉक्टरांनी मला सांगितलं की जनावरांच्या वाहतुकीसाठी आपल्या सरकारनं 1978 साली नियम केले, त्यांत कुत्र्या-मांजरांचा वेगळा भागच आहे. निघण्याच्या निदान दोन तास आधी खायला-प्यायला द्यावं, निघताना थोडं फिरवून मोकळं करावं, वाटेत उन्हाळ्यात दर चार तासांनी आणि हिवाळ्यात दर सहा तासांनी पाणी दाखवावं. जनावर प्रवासाला धडधाकट आहे असा डॉक्टरांचा दाखलाही त्यांत सांगितला आहे. नियम मालवाहतुकीचे असले तरी घरच्या कुत्र्यालाही त्यांतलं प्रत्येक वाक्य लागू पडतं. हे मला घाटाच्या खालीच कुणी सांगितलं असतं तर धोतर वाचलं असतं.

पण धोतराचं काय एवढं? खरी गोष्ट पुढं जेजुरीत घडली.

दिवाळीचे दिवस, वाटेवर खंडोबा, दर्शन न घेता पुढं कसं जायचं? गडाखाली गाडी लावायला जागा मिळेना. शेवटी गावाबाहेर रस्त्याच्या कडेला एका लिंबाखाली गाडी उभी केली. थोरला म्हणाला, ‘तुम्ही जाऊन या, मी ब्रूनोपाशी थांबतो.’ मी म्हटलं, ‘देवाच्या दारी येऊन कुणी खाली थांबतं का? सावली आहे, काच चार बोटं उघडी ठेव. अर्ध्या तासात येऊ.’ सूनबाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं. पण सासऱ्याच्या पुढं बोलायचं कसं, म्हणून ती गप्प राहिली. आजही ते आठवलं की मला माझाच राग येतो. घरात मोठ्या माणसाचा शब्द खाली पडत नाही, हे चांगलं असेल. पण तो शब्द चुकीचा असला तर त्याचं काय करायचं, हे आपल्याकडे कुणी शिकवलेलं नसतं.

पायऱ्या चढलो, रांगेत उभे राहिलो, भंडारा उधळला, नातीला दुकानं बघायची होती. अर्ध्या तासाचा सव्वा तास झाला. दुपार चढली. आश्विन-कार्तिकातलं ऊन तुम्हाला माहीत आहे, पाऊस सरलेला, आभाळ धुतलेलं आणि किरणं सुईसारखी टोचणारी. परत येऊन पाहतो तो लिंबाची सावली गाडीवरून सरकून बांधापलीकडे गेलेली. दार उघडलं तर भट्टीसारखी धग तोंडावर आली. बुरन्या खालच्या जागेत आडवा पडलेला. जीभ लांब बाहेर, जांभळट लाल. तोंडातून चिकट लाळ. डोळे उघडे, पण ओळख नाही. नातीनं हाक मारली, कान हलला नाही.

उन्हात उभ्या मोटारीत काय होतं, ते नीट समजून घ्या, कारण कुत्र्याच्या जागी लहान मूलही असू शकतं. ऊन काचेतून आत शिरतं, आतल्या गाद्या तापतात आणि ती धग काचेआड कोंडून राहते. बाहेर 30-32 अंश असलं तर दहा मिनिटांत आत 40 च्या पुढं जातं आणि अर्ध्या-पाऊण तासात पन्नाशी गाठतं. काच चार बोटं उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. आपल्याला घाम सुटतो, अंग गार होतं. कुत्र्याला घाम येतो तो पायांच्या तळव्यांना, तोही नावापुरता. त्याचा सगळा भरवसा धापण्यावर, आणि धापून आत ओढायची ती हवाच तापलेली असली तर धापून काय उपयोग? कुत्र्याच्या अंगात एरवीच आपल्यापेक्षा जास्त उष्णता, साधारण 38 ते 39 अंश. ती 41 च्या वर गेली की जिवाशी खेळ सुरू होतो. काळं, लठ्ठ, दाट केसांचं कुत्रं लवकर पडतं. चपट्या नाकाची, पगसारखी कुत्री तर त्याहून लवकर.

थोरला वेड्यासारखा पाण्याची बाटली त्याच्या तोंडात ओतायला लागला. तेवढ्यात मागून आवाज आला, ‘आरं, तोंडात नगं! ठसका लागंल, मरंल ते!’

रस्त्याच्या पलीकडे, कापणी झालेल्या रानात धनगरांचा वाडा उतरलेला होता. मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली मान घालून उभी होती, घोडी बांधलेली, तीन दगडांची चूल विझत आलेली. तिथून एक साठीची बाई डोक्यावर हंडा घेऊन झपाझप आली. तिनं कुणाला काही विचारलं नाही. कुत्र्याला ओढून बांधाच्या सावलीत घ्यायला लावलं आणि पाणी ओतायला सुरुवात केली. पाठीवर नाही, पोटावर, मागच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला, काखेत, पायांच्या तळव्यांवर, कानांवर. सूनबाईनं ओला टॉवेल आणून अंगावर टाकला तर बाईनं तो काढून फेकला. ‘झाकू नगंस पोरी, वाफ कोंडती. वारा घाल.’ मग आम्ही सगळे टॉवेलनं, टोपीनं, वर्तमानपत्रानं वारा घालत बसलो. तिच्या सुनेनं दुसरा हंडा आणला. त्या रानात पाणी किती लांबून आणावं लागत असेल, हे मला त्या वेळी सुचलंही नाही.

पंधरा-वीस मिनिटांनी बुरन्यानं मान उचलली. नात रडायला लागली, मीही तोंड फिरवलं.

तिथून आम्ही त्याला गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी शिरेतून सलाईन लावलं, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. म्हणाले, ‘आधी गार केलंत म्हणून हातात जिवंत आलं. पण उठून बसलं म्हणजे बरं झालं, असं समजू नका. उष्णतेनं मूत्रपिंडाला, रक्ताला इजा होते, ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही दिसते.’ तेव्हा हे दोन्ही लक्षात ठेवा. गार करणं पहिलं, तेही जागेवरच, मिळेल त्या पाण्यानं. आणि दवाखाना दुसरा, पण टाळायचा नाही.

दवाखान्यातून निघताना मी थोरल्याला म्हटलं, त्या बाईकडे जाऊन येऊ. पैसे देऊ केले तर तिनं हात मागं घेतले. शेवटी नातीनं घरचा लाडवांचा डबा दिला, तो मात्र घेतला. वाड्यात तीन कुत्री होती. अंगानं बारीक, लांब पायांची, एकानंही आमच्यावर उगाच भुंकून दम घालवला नाही. एका घोडीच्या पाठीवरच्या बोजात कोंबड्या आणि दोन पिलं शेजारी शेजारी झोपलेली. मी विचारलं, ‘मावशी, तुमची कुत्री एवढी चालतात, त्यांना ऊन लागत नाही?’

ती म्हणाली, ‘आमी चालतो तवा कुत्रं चालतं, आमी बसलो की बसतं. पहाटं निघायचं, ऊन चढलं की उतरायचं. त्याला कोंडायचं काय काम?’

मंडळी, कुत्र्यासकट सगळं कुटुंब घेऊन रस्त्यानं जाण्याची गोष्ट आपल्याला पुण्याच्या मोटारवाल्यांची नवी हौस वाटते. पण फलटण, माण, खटाव, बारामतीकडची ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या दरसाल तेच करत आली आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या दुष्काळी भागातला चारा संपत येतो. तिकडे कोकणात भात निघालेलं असतं आणि शेतकऱ्याला रानात मेंढ्या बसवून खत हवं असतं. मग पोरंबाळं, घोडी, कोंबड्या, कुत्री घेऊन वाडा निघतो, पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेचे घाट उतरतो आणि मृगाच्या आधी परत वर येतो, कारण कोकणच्या पावसात मेंढरांचे खूर सडतात. पूर्वी या वाटा माळावरून होत्या. आता त्यांतल्या कितीतरी डांबरी झाल्या आणि वाड्याला ट्रकच्या दिव्यांतून कळप ओलांडून न्यावा लागतो. हायडेलबर्गचे जर्मन पंडित गुंथर सोन्थायमर पुण्याला येऊन-जाऊन वर्षानुवर्षं या धनगरांच्या मागं फिरले, त्यांच्या खंडोबा-बिरोबावर त्यांनी ग्रंथ लिहिले. ते 1992 साली वारले. आपण मात्र वाडा दिसला की मेंढरं पिकात शिरतील म्हणून काठी घेऊन बांधावर उभे राहतो. मीही राहिलोय.

ऊसतोडीला निघालेली बीडकडची बिऱ्हाडंही पाहा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, कोप्यांचे बांबू, लेकरं, आणि सगळ्यांच्या वर कुठंतरी एक कुत्रं. सहा महिने घर बंद ठेवणाऱ्या माणसाला कुत्रं मागं ठेवून जाणं जमत नाही. पांडवांची शेवटची वाट आठवा. द्रौपदी गेली, भाऊ एकेक करून गेले, धर्मराजाबरोबर शेवटपर्यंत कुत्रंच उरलं आणि त्याला टाकून स्वर्गात यायला तो तयार झाला नाही. आमच्या खंडोबाच्या पायाशीही कुत्रं असतंच. आणि मी त्याच खंडोबाच्या दर्शनापायी कुत्रं काचेत कोंडून गेलो होतो!

असो. आता ताईंच्या प्रश्नाकडे येतो.

मुलाला आधीच कळवा की पहाटे निघा आणि ऊन चढायच्या आत पोचा. वाटेत थांबायचं तर एका माणसानं कुत्र्यापाशी गाडीबाहेर थांबायचं, देवदर्शन असो की चहा. खिडकीतून डोकं बाहेर काढू द्यायला मुलांना मौज वाटते, पण घाटात डोळ्यांत खडा जातो आणि समोरून एसटी आली की जीव. उतरवण्याआधी साखळी हातात हवी, मगच दार उघडायचं. रस्त्यावर गडबडलेलं कुत्रं मालकाचंही ऐकत नाही. मोटार नसून पिकअप किंवा ट्रॉली असेल तर कुत्र्याला गळ्याला लांब दोरी बांधून मागं उभं करू नका. ते फळीवरून उडी मारतं आणि दोरीला लटकतं. आखूड बांधा, छातीच्या पट्ट्याला बांधा आणि मागं कुणीतरी बसा. रेल्वेनं यायचं तर साध्या डब्यात कुत्र्याला घेत नाहीत. गार्डच्या डब्यातल्या पेटीत ठेवावं लागतं किंवा पहिल्या वर्गाची सबंध खोली राखून घ्यावी लागते. त्यापेक्षा मोटार बरी.

येण्याआधी पिसाळरोगाची लस झालेली असली पाहिजे, त्याचा कागद बरोबर असू दे. आणि ताई, रागावू नका, पण तुमच्या मोतीला कधी टोचलंय का? पुण्याचं कुत्रं बहुतेक टोचलेलं असतं. दारातलं आपलं मात्र तसंच असतं. तिसऱ्या महिन्यात पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तशी पुढची आणि दरसाल एक. भांडण लागलं, कुणाला दात लागला, तर जखमेवर चुना, हळद, मिरची काही लावायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. पिसाळरोग एकदा उठला की त्याला औषध नाही.

दोघांची पहिली गाठ तुमच्या अंगणात घालू नका, ते मोतीचं राज्य आहे. गावाबाहेर मोकळ्या रानात दोघांना दोघा माणसांनी साखळीला धरून एका दिशेनं चालवावं, आधी लांबून, मग जवळून. एकत्र चालून आले की अंगणात बहुधा भांडत नाहीत. जेवण मात्र वेगळं. पाहुण्याच्या अंगावरचे आणि मोतीच्याही अंगावरचे गोचीड काढून घ्या, नाहीतर दिवाळीची देवाणघेवाण वेगळीच होईल.

म्हैस व्यायच्या बेतात आहे म्हणता. तर गोठ्याकडे पाहुण्याला फिरकू देऊ नका. नवी व्यालेली म्हैस अनोळखी कुत्रं पाहिलं की शिंगावर घेते, आणि वार पडली की कुत्र्याला तिचा वास आवरत नाही. उंदरांचं औषध, फवारणीचे डबे फळीवर उंच ठेवा. घरच्या कुत्र्याला काय खायचं नाही ते माहीत असतं, पाहुण्याला नसतं. फराळातल्या चिवड्यात आणि लाडवात बेदाणे असतात. ते आणि चॉकलेट कुत्र्याला विषासारखे बाधतात, तेव्हा पोरांनी लाडानं भरवू नये.

राहिले फटाके. अनोळखी गावात फटाक्याला बिचकून सुटलेलं कुत्रं घरी परत येण्याची वाट ओळखत नाही. सांजेला त्याला माजघरात घ्या, दार लावा. गळ्यातल्या पट्ट्यावर मुलाचा मोबाइल नंबर कोरलेला असू दे. रात्री माळाकडे मोकळं सोडू नका. आपल्या पुणे जिल्ह्याच्या माळरानात अजून लांडगे आहेत. 2023 साली तर तपासणीत पुण्याच्या परिसरात कुत्रा आणि लांडगा यांची संकरित प्रजा सापडल्याचं सिद्ध झालं. कुत्र्यांचे रोगही याच वाटेनं लांडग्यांत जातात. त्या गरिबांचंही रान आता थोडंच उरलंय.

बुरन्या आता म्हातारा होत चाललाय. तोंडाभोवती पांढरे केस आले. गाडीचं दार उघडलं की अजून क्षणभर घुटमळतो, मग नात आधी आत बसते आणि तो मागून चढतो. या दिवाळीलाही येणार आहेत. पहाटे चारला निघतो म्हणून थोरल्यानं कळवलंय. आमच्या घरच्यांनी परवाच अंगणातल्या लिंबाखाली जुनं घमेलं मांडलं आणि त्यात पाणी भरून ठेवलं. मी म्हटलं, ‘अगं, अजून आठ दिवस आहेत.’ तर म्हणाल्या, ‘असू द्या की. तोवर चिमण्या पितील.’